उतरल्याची नोंद

आमच्या जिन्यातल्या लोकांना त्याचं खरं नाव विचारलं असतं, तर निम्म्यांना ते आठवलं नसतं. सगळ्यांसाठी तो डबलबेल. तो बसमध्ये कंडक्टर होता तेव्हा ड्रायव्हरांनी हे नाव पाडलं. घंटीचा दोर दोनदा ओढून गाडी सोडण्याआधी तो एकदा मागे वळून बघायचाच. कोणी धावत येतंय का, कोणाचा पाय अजून पायरीवर आहे का, कोणी उतरायचं राहिलंय का. पुढून ड्रायव्हर ओरडायचा, "अरे, दे की डबल बेल! का पाहुणे यायचेत अजून?" तो शांतपणे म्हणायचा, "म्हातारी उतरतेय. तुझी आई असती तर?" आणि मग टिंग टिंग.

तो माझ्यापेक्षा बराच लहान, म्हणून मी त्याला अरेतुरे करायची. तो मला बाई म्हणायचा. मी शाळेत शिकवत होते तेव्हापासून सगळा जिनाच मला बाई म्हणतो.

थांब्यांची नावं पुकारणं ही त्याची खास गोष्ट होती. पुढचा थांबा येण्याच्या थोडं आधीच तो आवाज द्यायचा, म्हणजे पिशव्या गोळा करायला, झोपलेल्या लेकराला खांद्यावर घ्यायला माणसाला वेळ मिळावा. रोजच्या लोकांना तर तो नावाने नाही, थांब्याने ओळखायचा. रस्त्यात कोणी भेटलं की मला सांगायचा, "बाई, हे बघा, दवाखाना चाललेत," आणि त्याच्या बोलण्याचा अर्थ एवढाच असायचा की हे गृहस्थ रोज दवाखान्याच्या थांब्याला उतरतात. एकदा एका धडधाकट माणसाला त्याने असं म्हटलं आणि त्या माणसाने दिवसभर स्वतःची नाडी बघितली.

मग कार्डं आली. कंडक्टर गेले. काहींनी मिळेल ते घेऊन घरचा रस्ता धरला. डबलबेलला शेवटच्या थांब्यावर, डेपोत, एका काउंटरमागे बसवलं. वर पाटी होती: 'कार्ड सहाय्य'. करार वर्षावर्षाचा. काम एकच, लोकांना नियम समजावून सांगायचे. आणि ते नियम त्याने असे पाठ केले की मी माझ्या वर्गातल्या मुलांना पाढे शिकवताना इतका कस लावला नसेल.

ते नियम मलाही त्याच्याच तोंडून कळले. चढताना कार्ड दाराजवळच्या मशीनला लावायचं. मशीन असं धरून चालतं की तुम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत जाणार, आणि तेवढं सगळं भाडं अडकवून ठेवतं. उतरताना पुन्हा कार्ड लावलंत की तुम्ही खरे कुठे उतरलात ते त्याला कळतं आणि उरलेलं भाडं परत मिळतं. पडद्यावर अक्षरं येतात, 'प्रवास पूर्ण'. लावायला विसरलात तर सगळं भाडं गेलं आणि प्रवास अपूर्ण राहिला. म्हातारपणाच्या सवलतीच्या कार्डाला तर आणखी एक जाच होता. असे तीन प्रवास अपूर्ण राहिले की कार्डच बंद. ते पुन्हा सुरू करायला ज्याचं त्याने स्वतः मुख्य कार्यालयात जायचं.

"आता गंमत बघा बाई," तो म्हणायचा. "मुख्य कार्यालयात जायचं कसं? बसने. बसमध्ये रोख पैसे घेतात का? नाही. मग चढायचं कशाने? कार्डाने. आणि कार्ड तर बंद!"

हे सांगताना तो हसायचा, पण त्याला हसू येत नसे. बंद कार्ड हातात धरून थांब्यावर उभी राहिलेली म्हातारी माणसं त्याने पाहिली होती. कार्ड सीटवर राहायचं, पायाखाली पडायचं, पिशवीतून घसरायचं. डेपोत गाड्या झाडायला एक मावशी होती. हाडाने किरकोळ, जिभेची तिखट, कामात चोख. गाडी झाडताना तिला अशी पडलेली कार्डं सापडायची. ती एका बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायची आणि आठवड्याअखेर तो डबा हरवल्या-सापडल्याच्या खोलीत जायचा.

डबलबेलने तिला एक गोष्ट शिकवली.

"मावशी, कार्ड सापडलं की डब्यात टाकायच्या आधी दाराच्या मशीनला लावत जा. म्हणजे प्रवास अपूर्ण राहायचा नाही. बिचाऱ्याचं कार्ड तरी बंद पडणार नाही."

"दुसऱ्याचं कार्ड आपण लावलेलं चालतं?"

"चालत नाही."

"मग? साहेबांनी बघितलं तर?"

"साहेब कधी गाडीत चढलेत, मावशी?"

मावशी खूप हसली होती. तेव्हापासून तिने एकही कार्ड तसंच डब्यात टाकलं नाही. आधी मशीनचा टुंग आवाज, मग डबा. डबलबेलला वाटायचं, घंटीचा दोर गेला, पण मागे वळून बघण्याची सवय निदान कोणाला तरी देता आली.

त्याच्या घरी माणसं दोनच. तो आणि त्याची ताई. बायको फार लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. ताई त्याच्याहून खूप मोठ्या. आई गेली तेव्हा हा चालायला शिकत होता आणि ताईंनी त्याला चालवलं, वाढवलं, शिकवलं. त्यासाठी त्यांनी मोज्यांच्या कारखान्यात जन्म काढला. मोजा मशीनवर विणून निघतो तेव्हा त्याचं टोक उघडं असतं. ते टोक शिवून बंद करायचं, हे त्यांचं काम. कितीतरी अनोळखी माणसांची पावलं ताईंनी गरम ठेवली असतील. स्वतःबद्दल मात्र त्या एवढंच म्हणायच्या, "मी काय, बोटं शिवणारी."

कारखाना पाण्याच्या टाकीजवळ होता. थांब्याचं नावही टाकीच. सकाळी टाकीला उतरायचं, संध्याकाळी टाकीला चढायचं. कागदी तिकिटाची त्या बारीक सुरळी करायच्या आणि अंगठीत खोचायच्या, म्हणजे हात मोकळे. कारखाना बंद पडून कैक वर्षं झाली. टाकीही आता कोरडी आहे. थांब्याचं नाव तेवढं उरलंय.

गेल्या काही वर्षांत ताई विसरायला लागल्या. आधी गॅस, मग किल्ल्या, मग माणसं. मला त्या कधी ओळखायच्या, कधी मी त्यांच्या कारखान्यातली मुकादमीण असायची आणि मग मला उशीर झाल्याबद्दल माफी मागायच्या. दिवसा त्यांचं बरं असायचं. खालपर्यंत जायच्या, कोपऱ्यावरच्या थांब्याच्या बाकावर बसायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या आणि परत यायच्या. इस्त्रीवाला, औषधाच्या दुकानातली मुलगी, सगळ्यांचं लक्ष असायचं.

संध्याकाळी मात्र त्या बेचैन व्हायच्या. खुर्चीतून उठायच्या नाहीत, जेवायच्या नाहीत, कोटाची बटणं लावून बसून राहायच्या. घरी जायचंय म्हणायच्या. त्यावर डबलबेलने एक युक्ती काढली होती, ती मी कितीदा दारातून पाहिली आहे.

"अहो कंडक्टर," ताई म्हणायच्या, "माझा थांबा आला की सांगा हं."

"सांगतो, बाईसाहेब. कुठे उतरायचंय?"

"टाकीला."

"टाकी अजून लांब आहे. तोवर दोन घास खाऊन घ्या."

मग त्या जेवायच्या. जेवण झालं, औषध झालं, की डबलबेल दारात उभा राहून जुन्या आवाजात पुकारायचा, "टाकी! टाकी उतरणारे, चला!" आणि ताई खुर्चीचा दांडा धरून, पायरी उतरावी तशा जपून उठायच्या आणि पलंगाकडे जायच्या. जाताना म्हणायच्या, "देव भलं करो तुमचं. तुम्ही आवाज दिला नसतात तर मी बसूनच राहिले असते."

दवाखान्यात न्यायला लागतं म्हणून त्याने ताईंचं सवलतीचं कार्ड काढलं. ताईंनी त्याला कापडाचं कव्हर शिवलं. हात अजून विसरले नव्हते. निळ्या कापडाचं, टाके इतके बारीक की दिसू नयेत, वर एक पांढरं बटण. कव्हरातूनही मशीन कार्ड वाचायचं. त्याने ते नाडीत ओवून त्यांच्या गळ्यात घातलं आणि रोज घोकून घेतलं, "चढताना टुंग, उतरताना टुंग. काय, ताई?" "कळलं रे, धाकट्या. मी काय लहान आहे?" टुंग आवाज आला की त्या खुदकन हसायच्या.

त्या दिवशी डबलबेलची सकाळची ड्युटी होती. दुपारी तो घरी आला तर दार लोटलेलं, खुर्ची रिकामी, खुंटीवरचा कोट नाही. थंडीचे दिवस होते. तो खाली धावला. बाकावर कोणी नाही. औषधाच्या दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, त्या मगाशी गाडीत चढल्या. मला वाटलं तुम्ही डेपोत वाट बघताय. कार्ड लावलं त्यांनी नीट. माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा."

तो वर माझ्याकडे आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे झाले होते. आम्ही दोघं डेपोत गेलो.

डेपोत नियंत्रण कक्षात एक तरुण बाई बसते. कोणाच्या कार्डाचा माग कोणालाही सांगायचा नाही, पोलिसांनी विचारलं तरच, असा नियम. तिने एकदा दाराकडे बघितलं, एकदा डबलबेलच्या तोंडाकडे, आणि कार्डाचा क्रमांक विचारला. तो त्याला पाठच होता.

"चढल्या तुमच्या घराजवळ," ती पडद्यावरचं वाचत म्हणाली. "उतरल्या इथे. शेवटच्या थांब्यावर. म्हणजे आपल्या डेपोतच, काका! दुपारीच."

डबलबेलने दोन्ही हात टेबलावर टेकले. मला वाटलं खाली बसतोय. पण तो सुटकेने वाकला होता. "इथेच आहे," तो म्हणाला. "बाई, इथेच आहे ती. सापडेल आता."

आणि शोध सुरू झाला. डेपो त्याला घरासारखा ठाऊक. सगळे फलाट, गाड्या धुवायची जागा, ड्रायव्हरांची विश्रांतीची खोली, मागचं भंगार, संडास, भिंतीपलीकडचा बाजार. तो प्रत्येक उभ्या गाडीत चढून सीटांच्या खाली वाकून बघत होता. पोलिसांकडेही जाऊन आलो. त्यांनी लिहून घेतलं, शेवटच्या थांब्यावर उतरल्या, आणि दोन शिपाई बाजारात पाठवले.

ज्या गाडीतून ताई आल्या तिचा ड्रायव्हर संध्याकाळी फेरी संपवून परतला. डबलबेलने त्याला दारातच गाठलं. ड्रायव्हर जरा विचारात पडला.

"कोट घातलेली म्हातारी ना? मला वाटतं, ती टाकीला उतरली."

"वाटतं?"

"आरशात दिसली तशी. हळूहळू उतरत होती, म्हणून मी दार धरून ठेवलं. मागच्या गाडीवाला हॉर्न मारत होता. तीच होती की दुसरी कोणी, ते नाही सांगता येणार."

"कार्ड लावलं का तिने उतरताना?"

"ते मी कुठे बघत बसू, दादा? माझं लक्ष रस्त्यावर."

"मग वाटतं वाटतं काय करता!" डबलबेल एकदम कडाडला. इतक्या वर्षांत मी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. "कार्ड सांगतंय इथे उतरली. तुम्ही काचेमागे बसून समोर बघणार, तुम्हाला काय ठाऊक मागे कोण बसलंय आणि कोण उतरलंय?"

ड्रायव्हरने टोपी काढली आणि तोही शोधायला लागला.

मी डबलबेलला बाजूला घेतलं. म्हटलं, "अरे, एकदा टाकीला बघून येऊ या का? तुझ्या ताईंच्या तोंडी सारखी टाकीच असते."

"माझ्या मनात आधी तेच आलं, बाई," तो म्हणाला. "पण विचार करा. टाकी आली हे तिला सांगणार कोण? गाडीत आता आवाज द्यायला माणूस नाही. घरी खुर्चीतून उठायचं तरी मला पुकारावं लागतं. ती बसून राहिली असणार, गाडी रिकामी होईपर्यंत. मग उतरताना मी शिकवलेलं आठवलं असेल, लावलं कार्ड. इथेच आहे ती."

त्याचं म्हणणं मला पटलं. कोणालाही पटलं असतं. त्याच्याइतकं प्रवाशांना ओळखणारा माणूस आमच्यात दुसरा नव्हता, आणि वर मशीनचीही साक्ष होती.

थंडी वाढत गेली. शिपायांनी सकाळी पुन्हा बघू म्हटलं. मला त्याने एका ड्रायव्हरबरोबर घरी पाठवलं. तो तिथेच राहिला. मला नंतर कळलं, की मधून मधून तो फलाटावर उभा राहून थांब्यांची नावं पुकारत होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुठे असली तरी आवाज ओळखून बाहेर येईल म्हणून.

सकाळी मी परत गेले तेव्हा तो काउंटरच्या पायरीवर बसला होता. नियंत्रण कक्षातल्या बाईने आणून दिलेला चहा शेजारी तसाच गार होत होता. तेवढ्यात मावशी कामावर आली. आदल्या दिवशी गाड्या झाडून ती आम्ही डेपोत पोहोचायच्या आधीच घरी गेली होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"काय हो कंडक्टर, आज सूर्य उगवायच्या आधीच?" ती नेहमीच्या ठसक्यात म्हणाली आणि त्याचा चेहरा बघून थबकली.

मी तिला सांगितलं. ताई हरवल्या, इथे उतरल्या, सापडत नाहीत. ती ऐकत होती, मान हलवत होती. मग तिने विचारलं, "कशावरून इथे उतरल्या?"

"कार्ड लावलंय ना इथे," डबलबेल म्हणाला.

मावशीने भिंतीला टेकवलेला झाडू घसरून पडला. तिने तो उचलला नाही. "कार्ड कसं होतं?" तिने अगदी हळू विचारलं.

"निळ्या कव्हरात. वर पांढरं..."

तो तिथेच थांबला. मावशी आपल्या कपाटाकडे गेली. कपाट काउंटरच्या मागच्याच भिंतीला होतं. रात्रभर तो त्याच्या समोरून ये-जा करत होता. तिने बिस्किटांचा डबा आणला आणि झाकण काढलं. सगळ्यात वर निळं कव्हर होतं, बटण लावलेलं.

"सीटवर होतं," मावशी म्हणाली. "खिडकीकडच्या. नाडी सोडून, तिची नीट घडी करून ठेवल्यासारखं. मी आधी मशीनला लावलं. तुम्ही सांगितलंत तसं. मग डब्यात."

डबलबेलने कव्हर हातात घेतलं. उघडलं नाही. त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "नीटच केलंस, मावशी."

तो तिच्यावर ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

टाकीच्या थांब्यापासून कारखाना दिसतो. पुढचं फाटक साखळीने बंद आहे, पण मागच्या गल्लीत कामगारांचं लहान दार होतं, ते मोडून पडलंय. आत हजेरीची खिडकी आहे. कधीकाळी तिच्यातून बिल्ला मिळायचा आणि मगच आत जाता यायचं. खिडकीवर आता फळ्या ठोकलेल्या. खाली दगडी पायरी.

ताई त्या पायरीवर बसल्या होत्या. कोटाची सगळी बटणं लावलेली. शाल अंगावर घेतली नव्हती, कपडे मळू नयेत म्हणून घडी घालून खाली घेतली होती. डोकं खिडकीखालच्या भिंतीला टेकलेलं. जरा लवकर येऊन दार उघडायची वाट बघणाऱ्या माणसासारख्या दिसत होत्या. डबलबेलने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसला. मी त्यांच्या हाताला हात लावला. मग आम्हाला घाई करण्यासारखं काही उरलं नाही.

पोलिसांबरोबर आलेले डॉक्टर भले गृहस्थ होते, पण थकलेले. डबलबेलने विचारलं, कधी? ते म्हणाले, "पहाटेच्या सुमारास. थंडीच होती फार." आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं नाही. डबलबेलच्या आलं. तो डेपोत थांब्यांची नावं पुकारत होता तेव्हा ताई जिवंत होत्या.

डेपोच्या साहेबांनी चौकशी लावली. दुसऱ्याचं कार्ड कोणी लावलं, हा प्रश्न. मावशी बाहेर उभी होती. डबलबेल आत गेला आणि म्हणाला, "मी शिकवलं. ती माझ्या सांगण्यावरून लावत होती. माझ्या टेबलाची पद्धत होती ती." साहेब म्हणाले, "तुम्ही जुने माणूस. नियम तुम्हालाच सगळ्यात जास्त ठाऊक." तो म्हणाला, "हो." त्याचा करार त्या वर्षी पुढे गेला नाही. मावशीची नोकरी राहिली. पण ती आता पडलेल्या कार्डाला हात लावत नाही, केरातही लोटत नाही. ते जिथे असेल तिथे ठेवते आणि दुसऱ्या कोणाला तरी बोलावते.

ती एकदा आमच्या जिन्यात आली होती. डबलबेलच्या दारात उभी राहून म्हणाली, "दादा, काहीतरी बोला. शिव्या द्या. मला रात्री तो टुंग आवाज ऐकू येतो." त्याने तिला आत घेतलं, खुर्ची दिली. ताईंची खुर्ची. स्वतः चहा केला. म्हणाला, "त्या ड्रायव्हरने डोळ्यांनी बघितलं होतं, मावशी. मी त्याचं ऐकलं नाही. तुझं कसलं घेऊन बसलीस?" चहा दोघांनीही संपवला नाही.

मला वाटलं होतं, आता तो त्या कार्डाचा विषय काढणार नाही. पण काही आठवड्यांनी तो माझ्याकडे आला. कपडे इस्त्रीचे, दाढी केलेली. "बाई, मुख्य कार्यालयात येता का माझ्याबरोबर? एक चूक दुरुस्त करून घ्यायचीय."

खिडकीमागे एक हसतमुख मुलगी होती. तिला वाटलं, तो कार्ड परत करून अनामत घ्यायला आलाय. तिने मृत्यूचा दाखला मागितला, त्याने दिला. पण कार्ड दिलं नाही.

"मला अनामत नको," तो म्हणाला. "यातला शेवटचा प्रवास चुकीचा आहे. उतरायचा थांबा दुरुस्त करून द्या. ती टाकीला उतरली."

तिने पडद्यावर बघितलं. "काका, यात चूक काही दिसत नाही. प्रवास पूर्ण झालाय. डेपोत उतरल्यात."

"उतरली नाही. दुसऱ्याने कार्ड लावलं. ती टाकीला उतरली. आपलं आपण ओळखून उतरली. कोणी आवाज दिला नव्हता तरी."

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिने खरंच मनापासून प्रयत्न केला. शेजारच्या टेबलावर विचारून आली, पुन्हा बसली.

"काका, पूर्ण झालेला प्रवास आम्हाला उघडता येत नाही. अपूर्ण राहिला असता तर तुमच्या अर्जावर मी आत्ता टाकीचा थांबा भरून दिला असता. अपूर्ण प्रवासाचं तेवढं बरं असतं." आणि त्याला बरं वाटावं म्हणून ती पुढे म्हणाली, "पण भाड्यात फार नुकसान झालेलं नाही तुमचं."

डबलबेलने एकदा मागे वळून बघितलं. मागे रांग होती. मग त्याने तिचे आभार मानले, कव्हराचं बटण लावलं आणि कार्ड आतल्या खिशात ठेवलं.

परतीची गाडी टाकीवरूनच जाते. दुपारची वेळ, गाडीत तुरळक माणसं, जो तो आपापल्या फोनमध्ये. डबलबेल खिडकीशी बसला होता. टाकीचा कोरडा डोलारा दुरून दिसायला लागला तसा तो उठला. मला वाटलं, उतरायचंय त्याला. मीही पिशवी सावरली. पण तो दाराजवळचा दांडा धरून उभा राहिला आणि थांबा यायच्या थोडं आधी, जसा पूर्वी द्यायचा तसा, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा आवाज दिला.

"टाकी! टाकी उतरणारे, चला!"

माणसांनी वर बघितलं. एकाने कानातला इअरफोन काढला. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि गाडी थांबवून दार उघडलं. बाहेरची थंड हवा आत आली. कोणी उठलं नाही. डबलबेल मागे वळून सगळ्या सीटांवरून नजर फिरवत होता, एक एक.

"कोण उतरतंय, काका?" ड्रायव्हरने काचेमागून विचारलं.

त्याने पायरीकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"कोणी नाही," तो म्हणाला. "जाऊ द्या."